विश्लेषण : फोन लहान, किंमत मोठी, मग तडजोड ग्राहकानेच का करायची?

सॅमसंग गॅलेक्सी एस२५ सारखे ‘कॉम्पॅक्ट फ्लॅगशिप’ हाताला सुखावतात. पण बॅटरीचा विषय निघाला की ‘लहान फोन आहे, चालायचेच’ हे उत्तर ठरलेले. हे उत्तर कितपत खरे आहे? आकारामुळे काय गमवावे लागते आणि कंपनी स्वतःहून काय देत नाही, याचा हा हिशेब.

सॅमसंगने २०११ मध्ये गॅलेक्सी नोट बाजारात आणला तेव्हा लोक हसले होते. ५.३ इंचांचा तो फोन कानाला लावलेला माणूस पाटी धरून बोलतोय असे वाटायचे. फोन म्हणावे की टॅब्लेट हेच ठरेना, म्हणून ‘फॅब्लेट’ असा शब्द रूढ झाला. त्या अगडबंब फोनची उंची होती १४६.९ मिलिमीटर. आता २०२५च्या जानेवारीत आलेला, कंपनीच्या फ्लॅगशिप घराण्यातला सर्वांत लहान भाऊ म्हणून विकला गेलेला गॅलेक्सी एस२५ घ्या. त्याची उंचीही १४६.९ मिलिमीटरच!

गंमत म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण ‘लहान फोन’ म्हणजे काय याचे उत्तर तिच्यात आहे. त्या नोटची रुंदी ८३ मिलिमीटर होती, एस२५ची ७०.५ आहे. नोटची जाडी ९.७ मिलिमीटर, एस२५ची ७.२. फोन हातात मावतो की नाही हे त्याची उंची ठरवत नाही, रुंदी ठरवते. अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचतो का आणि बोटे मागून वळून पकड घेतात का, एवढेच हाताला कळते. जाहिरातीतले इंच तिरप्या रेषेत मोजतात. जुन्या १६:९ प्रमाणातल्या ५.५ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर भरायची, एस२५च्या ६.२ इंची स्क्रीनची साधारण ६६. म्हणजे इंच वाढले, स्क्रीन मात्र अरुंद झाली. दुकानात ‘सहा इंचांच्या वरचा लहान कसा?’ असे विचारणाऱ्याला आणि ‘आजकाल लहान फोन येतच नाहीत’ म्हणणाऱ्यालाही हे सांगायला हवे.

एका हाताची गरज कुणाला?

मला आहे. ऐन पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की डिजिटल डेस्कवरच्या कुणाला तरी तिथे उभे राहून व्हिडिओ करावा लागतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. त्याच हाताच्या अंगठ्याने रेकॉर्डिंग सुरू करायचे, झूम करायचे, थांबवायचे आणि तो ऑफिसला पाठवायचा. ६.७ इंची फोनवर मला हे जमत नाही. जमवायला गेले की फोन पाण्यात पडायची वेळ येते. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभे राहणाऱ्या प्रत्येकाला आणि त्यातही लहान हाताच्या प्रत्येक बाईला हे वेगळे सांगायला नको. आमच्या कपड्यांना खिसे असले तर असतात, आणि असले तरी त्यात मोठ्या फोनचा अर्धा भाग बाहेरच राहतो. तुर्की समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकी यांनी २०१३ मध्येच हे लिहून ठेवले आहे. इस्तंबूलमधल्या आंदोलनात अश्रुधुराचे फोटो काढताना फोन एका हातात मावत नव्हता, आणि हा पुरुषांच्या हाताचे माप धरून केलेला फोन आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर फोन वाढतच गेले.

त्यामुळे लहान फ्लॅगशिप ही शौकीन लोकांची आवड आहे असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. ज्यांना उत्तम कॅमेरा, वेगवान प्रोसेसर हवा आहे आणि ज्यांचा हात लहान आहे, असे लाखो लोक आहेत. त्यांनी ८० हजार मोजल्यावर त्यांना पूर्ण फोन मिळतो का, एवढाच प्रश्न.

मूर्ती लहान, कीर्ती?

आधी एस२५च्या जमेच्या बाजू, कारण त्या खरोखरच भक्कम आहेत. वजन १६२ ग्रॅम. याच मालिकेतला अल्ट्रा २१८ ग्रॅमचा आहे. ५६ ग्रॅमचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. रात्री अंथरुणात पडून फोन वाचताना तो करंगळीला कळतो. आणि हातातून निसटून नाकावर पडला तर जास्तच.

प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ एलिट, म्हणजे अल्ट्रामध्ये असलेलाच. भारतातल्या ग्राहकासाठी याला वेगळा अर्थ आहे. आदल्या वर्षीच्या एस२४मध्ये आपल्याकडे सॅमसंगचा स्वतःचा एक्सिनॉस २४०० होता, अमेरिकेत मात्र स्नॅपड्रॅगन. एस२५मध्ये ती कुरबुर संपली. रॅम १२ जीबी, तीही सर्वच मॉडेलांत. स्क्रीन १ ते १२० हर्ट्झ अशी कमी-जास्त होणारी. धूळ-पाण्यापासून आयपी६८ संरक्षण, वायरलेस चार्जिंग, मॉनिटरला जोडून संगणकासारखा वापरायची डेक्स ही सोय, असे सगळे आहे. मागे तीन कॅमेरे आहेत आणि त्यातला एक खरा ३एक्स टेलिफोटो आहे. या आकारात ही चैन दुर्मीळ आहे. साध्या आयफोन १६मध्ये टेलिफोटो नाहीच.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अँड्रॉइडच्या सात आवृत्त्या आणि सात वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे वचन. म्हणजे २०३२पर्यंत. आजवर दर तीन वर्षांनी फोन बदलणाऱ्या आपल्या घरांमध्ये हे वचन हिशेबच बदलून टाकते. २५६ जीबीच्या मॉडेलची लाँचिंगची किंमत ८०,९९९ रुपये होती. ती सात वर्षांवर पसरली तर वर्षाला साडेअकरा हजारांच्या आसपास पडतात. महागडा फोन परवडतो असे वाटायला लावणारे हे गणित आहे. मीही ते घरी मांडून पाहिले आहे आणि आईने ते एका वाक्यात खोडून काढले : ‘‘पण बॅटरी टिकायला हवी ना सात वर्षं?’’ आईने इंजिनीअरिंग केलेले नाही. मी केले आहे.

बॅटरीचे दुखणे नेमके कुठे?

एस२५मध्ये ४००० एमएएचची बॅटरी आहे. २०२०च्या एस२०मध्ये किती होती? ४०००. मध्ये एस२२ला ती ३७००पर्यंत उतरली, एस२३ला ३९०० झाली, एस२४ला पुन्हा ४००० आणि आता तेवढीच. पाच वर्षांत यूपीआय भाजीवाल्यापर्यंत पोहोचले, ५जी आले, रील्स आल्या, ऑफिसचे निम्मे काम फोनवर आले. बॅटरीचा आकडा मात्र फिरून जिथल्या तिथे.

इथे कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. लांबी, रुंदी, जाडीचा गुणाकार केला (कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून) तर एस२०चे आकारमान साधारण ८३ घन सेंटिमीटर भरते, एस२५चे साधारण ७५. म्हणजे फोन जवळपास दहा टक्क्यांनी आटला आणि बॅटरी तेवढीच राहिली. हे इंजिनीअरांचे यश आहे. फक्त त्या यशाचा फायदा बॅटरी वाढवण्यासाठी न वापरता फोन सडपातळ करण्यासाठी वापरला गेला. तो निर्णय इंजिनीअरांचा नसावा, अशी माझी शंका आहे.

फोन लहान केला की बॅटरीला फटका जास्त का बसतो, हेही समजून घ्यायला हवे. चार्जिंगचा पोर्ट, सिमचा ट्रे, स्पीकर, थरथरणारी मोटर, कॅमेऱ्यांचे साचे या गोष्टी मोठ्या फोनमध्ये जेवढी जागा घेतात जवळपास तेवढीच लहान फोनमध्येही घेतात. दोन खोल्यांचे घर असो की चार, न्हाणीघराला लागते तेवढी जागा लागतेच. घर आकसले की आकसतो तो हॉल. फोनमधला हॉल म्हणजे बॅटरी.

आता दुसरी बाजू, जी सहसा सांगितली जात नाही. लहान फोनचा खर्चही कमी असतो, पण तो सगळीकडे कमी नसतो. बॅटरी खाणाऱ्या गोष्टींत स्क्रीन अग्रभागी असते. अल्ट्राच्या ६.९ इंची स्क्रीनचे क्षेत्रफळ एस२५च्या स्क्रीनपेक्षा साधारण २४ टक्के जास्त आहे, आणि त्याची ५००० एमएएचची बॅटरी २५ टक्के जास्त. म्हणजे घरी वाय-फायवर बसून बातम्या वाचताना, व्हिडिओ पाहताना लहान फोन बिचारा नसतो. दोघांची बरोबरी होते. पण मोबाइलच्या टॉवरशी बोलणारा मोडेम फोन लहान म्हणून कमी वीज खात नाही. जीपीएस खात नाही, प्रोसेसर खात नाही. सिग्नल जेवढा क्षीण तेवढा मोडेमला जोर जास्त लावावा लागतो. धावत्या लोकलमध्ये, कसारा घाटात, कोकणात जाताना, जाड भिंतींच्या सरकारी कचेरीत बसल्यावर फोन सतत टॉवर शोधत असतो. तिथे दोन्ही फोनचा खर्च जवळपास सारखा, पण एकाच्या गाठीला ५००० आणि दुसऱ्याच्या ४०००.

म्हणूनच लहान फोनबद्दल दोन माणसे दोन टोकांची मते देतात आणि दोघेही खरे बोलत असतात. ऑफिसात वाय-फायवर बसणाऱ्याचा दिवस निभावतो. फिरतीवरचा माणूस संध्याकाळी पाचला चार्जर शोधतो. तुम्ही कोण आहात, हे कुठल्याही रिव्ह्यूतल्या ‘स्क्रीन ऑन टाइम’च्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे. लिथियम-आयन बॅटरी झिजते, मग ती कुणाचीही असो. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नियमच केला आहे, की फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. समजा दोन्ही फोनच्या बॅटऱ्या अगदी शिस्तीत ८० टक्क्यांवर आल्या. अल्ट्राकडे उरले ४०००, म्हणजे नव्या एस२५एवढे. एस२५कडे उरले ३२००. टक्केवारी सारखीच, पण एक जण पोटभर जेवून थोडे कमी जेवू लागला आणि दुसरा मुळात अर्धपोटीच होता. शिवाय रोजचे काम तेच असेल तर लहान बॅटरी जास्त वेळा रिकामी होते, जास्त वेळा भरावी लागते, म्हणजे चार्जिंगची आवर्तने लवकर संपतात.

झीज कमी व्हावी म्हणून सॅमसंगच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. सोय चांगली आहे. फक्त एस२५मध्ये ती सुरू केली की नवा कोरा फोन पहिल्याच दिवशी ३२०० एमएएचचा होतो. म्हातारपण लांबवण्यासाठी तरुणपणीच काठी घेण्यासारखे.

बॅटरी बदलून घेता येते, हे खरे. सात वर्षे फोन वापरायचाच असेल तर मधे एकदा बॅटरी बदलण्याचे पैसे किमतीत धरूनच चाला. अधिकृत केंद्रातूनच बदला आणि पाण्यापासूनचे संरक्षण पूर्ववत करून मिळणार का, हे आधी विचारा. कारण मागचे झाकण उघडले की आतले सील तुटते.

मे महिन्याची परीक्षा

इंजिनीअरिंगला ‘हीट ट्रान्स्फर’ हा विषय आम्हाला नकोसा वाटायचा. आता रोज उपयोगी पडतो. चिप तीच असेल तर तयार होणारी उष्णताही तेवढीच. ती बाहेर पडते पृष्ठभागातून. अल्ट्राची पुढची-मागची बाजू मिळून एस२५पेक्षा साधारण २२ टक्के मोठी आहे. त्यामुळे दीर्घ काळ गेम खेळताना किंवा ४के व्हिडिओ काढताना लहान फोन लवकर तापणार आणि प्रोसेसर स्वतःचा वेग लवकर कमी करणार. हे भौतिकशास्त्र आहे, इथे कंपनीला दोष देता येत नाही. अ‍ॅपल आणि सॅमसंग दोघेही फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतात. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. भर उन्हात दुचाकीच्या हँडलवर फोन लावून नकाशा बघत जाणाऱ्याने लहान फोनकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, फोटो, एवढेच काम असेल तर हा मुद्दा विसरा.

ज्यात भौतिकशास्त्राचा दोष नाही

खरा राग इथे येतो. एस२५ला चार्जिंग २५ वॉटचे आहे. प्लस आणि अल्ट्राला ४५ वॉटचे. ज्याची टाकी सर्वांत लहान, म्हणजे ज्याला भर दिवसा पटकन भरून घ्यायची गरज सर्वांत जास्त, त्यालाच नळ सर्वांत बारीक! अर्ध्या तासात साधारण ५० टक्के, असा कंपनीचाच दावा आहे. एवढ्या वेळात निम्म्या किमतीचे चिनी फोन काठोकाठ भरायला येतात. लहान फोन तापतो म्हणून चार्जिंग हळू ठेवले, असे समर्थन करता येईल. ते किती टिकते, ते पुढे येईलच.

यूडब्ल्यूबी नावाची एक चिप असते. हरवलेली वस्तू नेमकी कुठल्या दिशेला किती अंतरावर आहे हे दाखवायला, काही गाड्यांची डिजिटल किल्ली म्हणून वापरायला ती लागते. प्लस आणि अल्ट्रात ती आहे, एस२५मध्ये नाही. नखाएवढ्या चिपला जागा नव्हती यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

कॅमेऱ्याचे तसेच. ५० मेगापिक्सेल मुख्य, १२चा अल्ट्रावाइड, १०चा टेलिफोटो हे गणित २०२२च्या एस२२पासून चौथ्या पिढीतही तेच. फोटो वाईट येतात असे नाही. सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारते आणि दिवसाउजेडी काढलेल्या फोटोंत कुणालाही खोट काढता येऊ नये. पण दरवर्षी ‘नवा’ म्हणून विकायचे आणि लेन्स तीच ठेवायची, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही असे समजू नये.

या सगळ्याचे कारण आकारात नाही, किमतीच्या शिडीत आहे. लाँचिंगच्या वेळी एस२५ ८०,९९९, प्लस ९९,९९९, अल्ट्रा १,२९,९९९. शिडी चालायची असेल तर पहिल्या पायरीवर काहीतरी कमी ठेवावेच लागते, नाहीतर वर कोण चढेल? दुर्दैव असे, की पहिली पायरी आणि लहान आकार हे एकच करून टाकले आहेत. मला लहान फोन हवा आहे, स्वस्तातला नको, असे म्हणणाऱ्या ग्राहकासाठी शिडीवर जागाच नाही. एके काळी होती. २०१४च्या सुरुवातीला आलेल्या सोनीच्या एक्स्पीरिया झेड१ कॉम्पॅक्टमध्ये मोठ्या झेड१चाच प्रोसेसर आणि २०.७ मेगापिक्सेलचा तोच कॅमेरा ४.३ इंचांत बसवला होता. ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाचा अर्थ तेव्हा लहान असा होता. कमी असा नव्हता.

जूनमध्ये आलेले उत्तर

२०२५च्या जूनमध्ये भारतात वनप्लस १३एस आला आणि जुलैमध्ये विवो एक्स२०० एफई. दोन्ही ६.३ इंचांच्या आसपास, दोन्हींची लाँचिंगच्या वेळची सुरुवात ५४,९९९ रुपयांपासून. वनप्लसमध्ये ५८५० एमएएचची बॅटरी आणि ८० वॉटचे चार्जिंग, विवोमध्ये ६५०० आणि ९० वॉट. वनप्लसचा प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ एलिटच आहे. म्हणजे ‘लहान फोन, तीच चिप, म्हणून चार्जिंग हळू’ हे समर्थन तिथेच संपले.

हे फोन एस२५पेक्षा थोडे मोठे आहेत, हे मान्य. वनप्लसचे आकारमान साधारण १८ टक्के जास्त भरते. पण बॅटरी ४६ टक्के जास्त आहे! विवोचा फरक तर आणखी डोळ्यात भरणारा : आकारमान साधारण १६ टक्के जास्त, बॅटरी ६२ टक्के. एवढी तफावत नुसत्या जागेतून येत नाही, रसायनातून येते. नेहमीच्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असते. सिलिकॉन तेवढ्याच वजनात जवळपास दहापट लिथियम धरू शकते. पण चार्ज होताना ते तिपटीहून जास्त फुगते आणि त्या फुगण्या-आकसण्यात तुटते. म्हणून कार्बनच्या जाळ्यात थोडेसेच सिलिकॉन बसवतात. त्याला सिलिकॉन-कार्बन बॅटरी म्हणतात. चीनमध्ये २०२३मध्ये ऑनरच्या फोनमध्ये ती पहिल्यांदा आली आणि दोन वर्षांत तिथल्या बहुतेक कंपन्यांनी उचलली.

सॅमसंगने अजून उचललेली नाही. २०१६मध्ये गॅलेक्सी नोट ७च्या बॅटऱ्या पेटल्या, फोन परत मागवावे लागले, शेवटी मॉडेलच बंद करावे लागले. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावे, हे समजू शकते. सात वर्षांचे वचन देणाऱ्या कंपनीने नवे रसायन पाच-सहा वर्षांत कसे वागते हे पाहून मग पाऊल टाकणे, यात मला गैर वाटत नाही. पण तोवर ग्राहकाकडून पूर्ण किंमत घ्यायची आणि धीर त्यानेच धरायचा, हे गैर वाटते.

चिनी पर्यायांवर भाळून जाण्याआधी त्यांच्याही उणिवा पाहा. वनप्लस १३एसमध्ये अल्ट्रावाइड कॅमेराच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे गोत एका फोटोत घ्यायचे तर मागे मागे सरकत भिंतीला टेकावे लागेल. दोन्हींत वायरलेस चार्जिंग नाही. विवोचा डायमेन्सिटी ९३००+ हा आदल्या वर्षीचा प्रोसेसर आहे. दोन्ही कंपन्यांचे अपडेटचे वचन सात वर्षांपेक्षा कमी. आणि वजन १८५-१८६ ग्रॅम, म्हणजे ‘हलका’ हा लहान फोनचा गुण निम्मा गेला. (चीनमध्ये वनप्लसचे जे भावंड १३टी या नावाने विकले जाते, त्यात बॅटरी ६२६० एमएएचची आहे. आपल्या वाट्याला त्यातून चारशे कमी का, याचे उत्तर त्यांनीही द्यायला हवे.)

लोकांनाच नको आहेत का लहान फोन?

कंपन्यांचे ठरलेले म्हणणे असे, की लोक मागतात लहान आणि घेतात मोठा. पुरावा म्हणून आयफोन मिनी दाखवतात. २०२०चा १२ मिनी, २०२१चा १३ मिनी, ५.४ इंच, रुंदी फक्त ६४.२ मिलिमीटर, भारतात किंमत ६९,९०० पासून. २०२२मध्ये अ‍ॅपलने नवा मिनी आणलाच नाही आणि त्या जागी ६.७ इंचांचा प्लस आणला. आसुसचा झेनफोन १० हा २०२३मध्ये ५.९ इंचांचा होता. पुढच्या वर्षी त्याचा वारस ६.७८ इंचांचा निघाला.

यात तथ्य आहे. आपल्याकडे असंख्य घरांत फोन हाच टीव्ही, हाच संगणक, हीच मुलांची शाळा. त्यांनी मोठी स्क्रीन घेतली तर त्यात नवल नाही. मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचे आणखी एक कारण आहे. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, खाली उकार, जोडाक्षरांची गर्दी. अक्षर बारीक झाले की इंग्रजीपेक्षा आधी ते वाचेनासे होते. देवनागरी कीबोर्डवर कळाही जास्त लागतात आणि स्क्रीन अरुंद झाली की प्रत्येक कळ बारीक होते. एस२५ आणि अल्ट्राच्या स्क्रीनच्या रुंदीत साधारण ७ मिलिमीटरचाच फरक आहे, पण चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला तो रोज जाणवेल. हा लेख तुम्ही ई-पेपरच्या पूर्ण पानावर बोटांनी मोठा करत वाचत असाल, तर मी काय म्हणते ते कळलेच असेल.

तरीही मिनीचा दाखला मला अर्धाच पटतो. मिनी खपला नाही, कारण त्याची बॅटरी दिवस काढत नव्हती अशी सार्वत्रिक तक्रार होती. म्हणजे लोकांनी नाकारला तो लहान फोन, की दुपारी संपणारा फोन? आज तेच रसायन उपलब्ध आहे ज्याने त्या तक्रारीवर उतारा मिळू शकला असता. पण मे २०२५मध्ये सॅमसंगने जो नवा प्रयोग केला तो होता एस२५ एज : ६.७ इंच, जाडी ५.८ मिलिमीटर, बॅटरी ३९०० एमएएच, किंमत १,०९,९९९. बॅटरीत काटकसर करायची तयारी आहे, पण ती फोन बारीक दिसावा यासाठी. हातात मावावा यासाठी नाही.

मग घ्यावा का?

माझे मत विचाराल तर, दिवसातला बराच वेळ वाय-फाय आणि चार्जर हाताशी असेल, फोन चार वर्षांहून जास्त वापरायचा असेल आणि हात लहान असेल, तर एस२५ घ्या. पण ८०,९९९ला नाही. या मालिकेच्या किमती सणासुदीच्या सवलतींत खाली येतात, तेव्हा घ्या. आधीच एस२३ किंवा एस२४ असेल तर तो बदलण्याचे काही कारण नाही. जुन्याची बॅटरी बदलून घेणे कितीतरी स्वस्त पडेल. फिरतीचे काम असेल, रोज लोकल किंवा एसटीचा प्रवास असेल, तर वनप्लस किंवा विवो, आणि कॅमेऱ्यातली किंवा अपडेटमधली तडजोड डोळसपणे करा. घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल तर ‘हलका आहे’ म्हणून लहान फोन लादू नका. आधी त्यांना त्यावर मराठी मेसेज वाचायला आणि लिहायला सांगा.

एक शेवटची गोष्ट. दुकानात फोन हातात घ्याल तेव्हा तो उघडा असेल आणि मस्त वाटेल. तुम्ही घरी तो तसा वापरणार नाही. जे कव्हर लावणार असाल ते तिथेच लावायला सांगा. बाजारातली जाडजूड कव्हरे दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर सहज वाढवतात, म्हणजे ७०.५चे ७४ होतात. मग एका हाताने वरची नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढून पाहा, मराठी कीबोर्ड उघडून अंगठ्याने आपले पूर्ण नाव-आडनाव टाइप करून पाहा. दुकानदार घाई करेल. करू द्या.